दोन्ही गोळ्या सेरोटोनिनच्याच, मग एक रोज आणि दुसरी फक्त अटॅकला का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. वय ३४. महिन्यातून सात-आठ दिवस अर्धशिशी उठते, उलट्या होतात, त्यातले दोन-तीन दिवस तरी अंधाऱ्या खोलीत पडून काढावे लागतात. डॉक्टरांनी रोज रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम सुरू केलंय आणि अटॅक आला की रिझाट्रिप्टान घ्यायला सांगितलंय. नेटवर वाचताना तुम्हाला कळलं की दोन्ही गोळ्या सेरोटोनिनशी संबंधित आहेत आणि पहिली तर डिप्रेशनची म्हणून ओळखली जाते. मग तुम्ही विचारलंत: सेरोटोनिन कमी पडून मायग्रेन होत असेल तर ते सरळ वाढवणारी गोळी, म्हणजे मैत्रिणीला चालू आहे ती एस्सिटालोप्राम, मला का देत नाहीत? रिझाट्रिप्टाननं दोन तासांत डोकं थांबतं, तर तीच रोज का घेऊ नये? आणि तीन आठवडे होऊनही अमिट्रिप्टिलिनचा फरक वाटत नाही, तर बंद करू का?

मी बावीस वर्षं न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करतोय आणि ओपीडीत डोकेदुखीचा पेशंट नाही असा दिवस आठवत नाही. तरीही तुम्हाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे गोळी बदला किंवा थांबवा असं इथून सांगणार नाही. तुमचा रक्तदाब किती, दमा आहे का, काचबिंदू आहे का, घरात लवकर हृदयविकार झालेलं कोणी आहे का, वर्षा-दोन वर्षांत बाळाचा विचार आहे का, यातल्या प्रत्येक उत्तरानं औषध बदलू शकतं. पण तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे आणि ते मात्र नीट उलगडून सांगता येईल.

मूळ हे की आपण सेरोटोनिन ही टाकीतल्या पाण्याच्या पातळीसारखी गोष्ट धरतो: कमी झालं की दुखणं, भरलं की आराम. माझं लहानपण शेतावर गेलं. थंडीच्या दिवसांत मध्यरात्री लाइट आली की वडिलांबरोबर गव्हाला दारं धरायला जायचो. पाटाचं पाणी सगळ्या रानाला तेच. पण ज्या वाफ्याचं दार उघडं, त्यातच ते शिरणार. एक वाफा कोरडा राहिला म्हणून पाटाला जास्त पाणी सोडलं तर तो भिजत नाही, शेजारचे भरलेले वाफे मात्र फुटतात. कुठलं दार खोऱ्यानं उघडायचं आणि कुठलं मातीनं बुजवायचं, सगळं कसब त्यात. सेरोटोनिन हे पाटाचं पाणी समजा. पेशींवरचे रिसेप्टर ही दारं. सेरोटोनिनचं रासायनिक नाव ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामिन, थोडक्यात ५-एचटी, म्हणून या दारांना ५-एचटी१ ते ५-एचटी७ अशी नावं आहेत. ही सात कुळं झाली. एकेका कुळातले ए, बी, डी, एफ असे पोटप्रकार धरले तर एकूण चौदाच्या आसपास भरतात. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, रक्तातलं बहुतेक सगळं प्लेटलेटमध्ये साठवलेलं असतं, आणि मेंदूत असतं ते अगदी थोडं. रक्तातून मेंदूत ते जातही नाही. म्हणून केळी जास्त खाऊन मेंदूतलं सेरोटोनिन वाढत नाही, हेही जाता जाता सांगून टाकतो.

तुम्ही वाचलेलं 'सेरोटोनिन कमी पडतं' हे वाक्य कुठून आलं ते सांगतो, कारण त्यात तथ्य आहे आणि आपल्या मातीचा एक धागाही आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज यांनी रक्ताच्या सीरममधून एक पदार्थ वेगळा काढला. रक्तवाहिन्यांचा ताण, म्हणजे टोन, तो वाढवायचा, म्हणून नाव पडलं सेरोटोनिन. १९६१ मध्ये फ्लॉरेन्सचे फेदेरिगो सिकुतेरी यांना मायग्रेनच्या अटॅकमध्ये रुग्णांच्या लघवीत सेरोटोनिन मोडून तयार होणारा घटक वाढलेला सापडला. १९६७ मध्ये सिडनीत अँथनी, हिंटरबर्गर आणि लान्स या तिघांनी दाखवलं की अटॅक चालू असताना रक्तातलं सेरोटोनिन घसरतं. त्यांनी पुढे जाऊन मायग्रेन असलेल्यांना रेसरपिनचं इंजेक्शन दिलं. रेसरपिन प्लेटलेटमधला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. त्यानं डोकं उठलं, आणि शिरेतून सेरोटोनिन दिल्यावर थांबलं. हे रेसरपिन आपल्या सर्पगंधेतलं. सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमधून जगापुढे ठेवलं होतं. त्या मुळीतलं औषध पुढे मायग्रेन समजून घ्यायलाही उपयोगी पडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

म्हणजे सेरोटोनिन दिलं की डोकं थांबतं, हे साठ वर्षांपूर्वीच माहीत झालं होतं. मग ते औषध म्हणून का नाही आलं? कारण शिरेतून दिलेलं सेरोटोनिन सगळ्याच दारांतून शिरतं. पेशंटला धाप लागायची, मळमळायचं, अंगाला मुंग्या यायच्या, चक्कर यायची. डोकं थांबवणारं नेमकं दार कुठलं, हे शोधणं भाग होतं. रॉटरडॅमला काम करणारे प्रमोद सक्सेना यांनी १९७०च्या दशकात कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की मेथिसरजाइड हे मायग्रेनचं त्या काळचं औषध मुख्यतः डोक्याकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या फाट्यांनाच आवळतं, बाकी शरीरात तितका परिणाम करत नाही. इंग्लंडमध्ये ग्लॅक्सो कंपनीत पॅट्रिक हंफ्री यांच्या गटानं १९७२ पासून तेच दार उघडणारा रेणू शोधायचं काम हाती घेतलं. त्यातून सुमाट्रिप्टान आलं आणि १९९१ मध्ये युरोपात ते बाजारात उतरलं. तुमची रिझाट्रिप्टान ही त्याचीच धाकटी बहीण, आणि या सगळ्या गटाला ट्रिप्टान म्हणतात.

ही गोळी ५-एचटी१बी आणि ५-एचटी१डी अशी दोन दारं उघडते. १बी मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांवर असतं. ते उघडलं की फुगलेली रक्तवाहिनी आवळते. १डी असतं ट्रायजेमिनल नसेच्या टोकांवर. कपाळ, डोळा, चेहरा आणि मेंदूची आवरणं यांची संवेदना हीच नस नेते, म्हणून अर्धशिशी एका डोळ्यामागून, कपाळाच्या एका बाजूनं ठणकत वर चढते. अटॅकमध्ये या नसेच्या टोकांतून सीजीआरपी नावाचा, दुखणं वाढवणारा पदार्थ सुटतो. १९९०च्या सुमारास पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी अटॅक चालू असतानाच रुग्णांच्या मानेतल्या शिरेचं रक्त तपासलं, तर सीजीआरपी वाढलेलं होतं. सुमाट्रिप्टान दिल्यावर डोकं थांबलं आणि सीजीआरपीही खाली आलं. १डी हे त्या नसेला आवरणारं दार आहे: ते उघडलं की सीजीआरपी सुटणं थांबतं.

यातला पुढचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १बी हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरही थोड्या प्रमाणात असतं. म्हणून ज्यांना हृदयविकार झालाय, पक्षाघात झालाय, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांना आम्ही ट्रिप्टान देत नाही. मग रक्तवाहिनी न आवळता डोकं थांबेल का? २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं लासमिडिटान फक्त ५-एचटी१एफ या दारावर काम करतं. हे दार नसेवर आहे, ते रक्तवाहिनी आवळत नाही, तरीही डोकं थांबतं. (गुंगी मात्र इतकी येते की घेतल्यावर आठ तास गाडी चालवू नये अशी सूचना आहे.) म्हणजे रक्तवाहिनी आवळणं हा उपायाचा गाभा नव्हता, नस आवरणं हा होता. २०२२ मध्ये मायग्रेनच्या एक लाखाहून जास्त रुग्णांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मायग्रेनशी जोडलेल्या १२३ जागा सापडल्या, आणि त्यांत सीजीआरपीची जनुकं जिथं आहेत ती जागा होती, १एफ रिसेप्टरची जागाही होती. औषधं आधी आली, जनुकांनी त्यांना मागाहून दुजोरा दिला.

आता तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. रिझाट्रिप्टान रोज का नको?

पाच-सहा वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. डोकं रोजच दुखतं म्हणाल्या. गोळ्या किती लागतात विचारलं तर, 'फार नाही डॉक्टर, महिन्याला चार-पाच.' त्या खोटं बोलत नव्हत्या, पण दुखण्याच्या दिवसांचा हिशोब मनात राहत नाही. मी सांगितलं, घरात भिंतीवर कॅलेंडर असेल ना, गोळी घ्याल त्या तारखेवर लाल टिंब करा. दीड महिन्यानं त्या कॅलेंडरचं पानच फाडून, चार घड्या घालून घेऊन आल्या. प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात दुधाचा हिशोब, अर्धा लिटर, एक लिटर, संकष्टीला वेगळी खूण, आणि त्यांच्या मधून लाल टिंबं. मी मोजली. सतरा. त्यात आठ ट्रिप्टानची आणि नऊ मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या मिश्र गोळीची, जिच्यात अर्गोटामाइन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि प्रोक्लोरपेराझिन एकत्र असतात. त्या स्वतः त्या पानाकडे बघत राहिल्या.

ट्रिप्टान किंवा अशा मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, आणि साध्या वेदनाशामक गोळ्या पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीच डोकेदुखीचं कारण होऊन बसते. अधूनमधून उठणारी अर्धशिशी रोजची होते. उंदरांना सतत ट्रिप्टान देऊन केलेल्या प्रयोगांत ट्रायजेमिनलच्या पेशींमध्ये सीजीआरपी वाढलेलं दिसलं, म्हणजे जे आवरायला गोळी घेतली त्याचाच साठा वाढला. दुसरं असं की रिझाट्रिप्टानचा रक्तातला अंमल दोन-तीन तासांत निम्म्यावर येतो. आज सकाळी घेतलेली गोळी उद्याचा अटॅक थोपवू शकत नाही. याला एक छोटा अपवाद आहे: ज्यांची अर्धशिशी फक्त पाळीच्या तारखांना आणि नेमानं उठते, त्यांना त्या चार-पाच दिवसांपुरती नाराट्रिप्टानसारखी जरा लांब टिकणारी गोळी रोज देतात. तेही डॉक्टरांनी कॅलेंडर पाहून ठरवायचं.

त्या शिक्षिकेच्या सगळ्या गोळ्या मी थांबवल्या. पहिले दोन आठवडे त्यांनी फार सोसलं, शाळेतून रजा काढावी लागली. चौथ्या महिन्यात पानावर पाच टिंबं होती. तुमच्याही घरात ती अर्गोटामाइनची मिश्र गोळी असेल तर एक काळजी घ्या: ती आणि ट्रिप्टान यांच्यात २४ तासांचं अंतर हवं, कारण दोन्ही रक्तवाहिनी आवळतात.

तुम्ही आणखी एक वाक्य लिहिलंय, 'मुळात मला पित्ताचा त्रास आहे, पित्त उसळलं की डोकं उठतं, उलटी झाली की बरं वाटतं.' माझ्या दहातल्या सात पेशंटची सुरुवात याच वाक्यानं होते, आणि कित्येकांनी वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्लेल्या असतात. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. अर्धशिशी आधी सुरू झालेली असते आणि मळमळ हा तिचाच भाग असतो. इथं आणखी एक दार येतं, ५-एचटी३. ते आतड्यातल्या नसांवर आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राजवळ आहे. उलटीसाठी दिलं जाणारं ओन्डान्सेट्रॉन हेच दार बुजवतं. त्यानं उलटी थांबते, पण डोकेदुखी जशीच्या तशी राहते, कधी कधी त्याच गोळीनं डोकंही दुखतं. दार वेगळं, त्यामुळे काम वेगळं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. अटॅकमध्ये जठराची हालचाल मंदावते. पाहुण्यांची पंगत उठेपर्यंत, ऑफिसची मीटिंग संपेपर्यंत कळ काढून मग घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते आणि उलटीबरोबर बाहेर येते. मग 'मला ती गोळी लागू पडत नाही' असा समज होतो. दुखणं सौम्य असतानाच, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात गोळी घ्या. जिभेवर विरघळणारी रिझाट्रिप्टान मिळते. पाण्याचा घोटही नको वाटतो तेव्हा ती सोयीची पडते, पण शोषली जाते ती पोटातूनच, त्यामुळे तिलाही उशीर चालत नाही. सोबत डोमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड द्यायचं का, हे तुमचे डॉक्टर ठरवतील.

थोडं थांबून इथवरचं गोळा करतो. अटॅकच्या वेळी १बी, १डी, १एफ ही दारं उघडायची असतात, पटकन आणि थोड्या वेळापुरती. अटॅक येऊच नये म्हणून जे करायचं, त्यात दुसरीच दारं येतात, ती बहुतेक बुजवायची असतात, आणि ते काम सावकाश होतं.

ती दारं म्हणजे ५-एचटी२चं कुटुंब: २ए, २बी आणि २सी. आवरणातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर २बी असतं. ते चेतलं की नायट्रिक ऑक्साइड सुटतं, रक्तवाहिनी सैल होते आणि आजूबाजूच्या नसा जाग्या होतात. अटॅकची सुरुवात काही जणांत इथून होत असावी असं एक मत आहे. हे कुटुंब बुजवणारं पहिलं मोठं औषध वर आलेलं मेथिसरजाइड. ते मायग्रेन रोखण्यासाठी १९५९ मध्ये सिकुतेरींनीच आणलं आणि ते खरोखर चालायचं. पण काही वर्षांत सलग घेणाऱ्यांच्या पोटामागच्या भागात आणि हृदयाच्या झडपांवर तंतूंचे थर चढलेले आढळू लागले. कारण फार नंतर उलगडलं. मेथिसरजाइड स्वतः २बी बुजवतं, पण शरीरात त्याचं मेथिलअर्गोमेट्रिन होतं, आणि ते २बी उघडतं. हेच मेथिलअर्गोमेट्रिन बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला देतात. एक-दोन डोसांत त्यानं झडपांना काही होत नाही, पण महिनोन्‌महिने रोज तयार होत राहिलं की होतं. म्हणून मेथिसरजाइड सहा महिन्यांनी एक महिना बंद ठेवायचा दंडक होता, आणि पुढे ते वापरातून गेलंच. २बी हे दार उघडणाऱ्या कुठल्याही नव्या औषधाकडे आता सगळे धास्तीनं पाहतात ते यामुळे.

याच कुटुंबाला बुजवणारं, पण असा धोका नसलेलं एक औषध तुमच्या ओळखीचं असेल: सायप्रोहेप्टाडिन. लहान मुलांना भूक लागावी म्हणून दिलं जाणारं सिरप. तेच आम्ही मायग्रेन असलेल्या मुलांना रात्री देतो. मोठ्यांत झोप आणि वजन दोन्ही वाढत असल्यानं फारसं वापरत नाही.

आता तुमची अमिट्रिप्टिलिन. डिप्रेशनसाठी तिचा डोस साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम असतो. अर्धशिशीसाठी १० ते २५, कधी ५०. ज्यांना डिप्रेशन अजिबात नाही त्यांच्यातही ती अर्धशिशी कमी करते, हे १९७०च्या दशकातल्या चाचण्यांतच दिसलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी तुमच्या दुखण्याला 'मनाचं' ठरवलंय, ही शंका काढून टाका. ही गोळी सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन (असंच दुसरं एक रसायन) पेशीत परत ओढलं जाणं कमी करते, आणि त्याच वेळी २ए हे दार बुजवते. म्हणजे पाटात पाणी थोडं वाढवलं, पण नको त्या वाफ्याचं दार आधी लावून घेतलं.

एस्सिटालोप्राम यातलं फक्त पहिलं काम करते. पाणी वाढवते, दारं सगळी उघडीच. अशा एसएसआरआय गटातल्या गोळ्यांच्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या आढावे घेणाऱ्या संस्थेनं जो आढावा घेतला, त्यात मायग्रेन रोखण्याच्या बाबतीत त्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. मैत्रिणीला तिच्या त्रासासाठी ती अगदी योग्य असेल. तुमच्या अर्धशिशीला तिचा उपयोग नाही. अर्धशिशीबरोबर चिंता किंवा नैराश्यही असेल तर मी व्हेनलाफॅक्सिन या डिप्रेशनच्याच दुसऱ्या गोळीचा विचार करतो. तिच्यानं दोन्हीकडे मदत होण्याची शक्यता जास्त.

ट्रिप्टान आणि मैत्रिणीच्या गोळीसारखी गोळी एकत्र घेतली तर सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिनचा अंमल प्रमाणाबाहेर गेल्याचा त्रास, होतो, असंही तुम्ही वाचलं असेल. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २००६ मध्ये तसा इशारा दिला होता. पण तो सिंड्रोम होतो मुख्यतः २ए आणि १ए या दारांमुळे, आणि ट्रिप्टान त्यांना जवळजवळ हात लावत नाही. २०१८ मध्ये बोस्टन भागातल्या नोंदी तपासल्या तेव्हा दोन्ही औषधं मिळालेल्या १९ हजारांहून जास्त रुग्णांत हा सिंड्रोम खात्रीनं झालेले असे दोनच सापडले. मी दोन्ही एकत्र देतो, फक्त ताप, अंग थरथरणं, खूप घाम, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं सांगून ठेवतो. मला ट्रॅमाडॉलची जास्त काळजी वाटते. ती पॅरासिटामॉलबरोबर मिसळून दुखण्याची गोळी म्हणून सर्रास दिली जाते. डिप्रेशनच्या कुठल्याही गोळीबरोबर ती घेण्याआधी विचारा, आणि त्यात तुमची अमिट्रिप्टिलिनही आली.

राहिला तिसरा प्रश्न, तीन आठवड्यांत फरक नाही तर बंद करू का. अमिट्रिप्टिलिन रेणूच्या पातळीवर पहिल्या रात्रीपासून काम करते. पण दारांची संख्या आणि त्यांची हळवेपणाची पातळी बदलायला आठवडे लागतात. २००६ मध्ये बोस्टनच्या जेंक आयाता यांच्या गटानं उंदरांवर एक सुंदर काम केलं. मायग्रेनच्या आधी काहींना डोळ्यापुढे चमकणाऱ्या नागमोडी रेघा दिसतात, त्यामागे मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं सरकणारी एक विद्युत लाट असते. अमिट्रिप्टिलिन, प्रोप्रॅनोलॉल, टोपिरामेट, व्हॅल्प्रोएट आणि मेथिसरजाइड, अशी मायग्रेन रोखण्यासाठीची पाच अगदी वेगवेगळ्या जातीची औषधं त्यांनी दिली. काही आठवडे सलग दिल्यावर पाचही औषधांनी ती लाट उठणं अवघड केलं. एकाच डोसानं ते झालं नाही, आणि जितके आठवडे जास्त तितका परिणाम जास्त. म्हणून आम्ही योग्य डोसावर आल्यापासून निदान आठ आठवडे, शक्यतो बारा, थांबून मग निकाल लावतो. तुमचा १० मिलिग्रॅम हा सुरुवातीचा डोस आहे, डॉक्टर कदाचित तो वाढवणार असतील. यश म्हणजे अटॅक शून्यावर येणं असं धरू नका. आठचे चार झाले तर औषध लागू पडलं. मग ते सहा महिने ते वर्षभर चालवून हळूहळू कमी करतात.

दरम्यान तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, सकाळी डोकं जड वाटणं, भूक वाढणं हे होऊ शकतं. सकाळचं जडपण कमी व्हावं म्हणून मी गोळी झोपताना न घेता रात्री आठच्या सुमारास घ्यायला सांगतो. लघवीला अडकणं, डोळा दुखून धूसर दिसणं, छातीत धडधड, यातलं काही झालं तर मात्र थांबू नका, लगेच कळवा.

अमिट्रिप्टिलिन सोसली नाही तर इतर पर्याय आहेत आणि त्यातले बरेचसे सेरोटोनिनच्या वाटेनं जातच नाहीत. प्रोप्रॅनोलॉल चांगली, पण दमा असेल तर नको. ती सुरू झाली तर रिझाट्रिप्टानचा डोस ५ मिलिग्रॅमवर आणावा लागतो, कारण तिच्यामुळे रिझाट्रिप्टानची रक्तातली पातळी वाढते. ही गोष्ट चिठ्ठी लिहिताना निसटू शकते, तुम्ही लक्षात ठेवा. फ्लुनारिझिन आपल्याकडे खूप दिली जाते. तिच्यानं वजन वाढतं, मन उदास होऊ शकतं, आणि वयस्कांत हात कापू लागतात. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट या दोन्ही गर्भाला घातक आहेत, म्हणून तुमच्या वयात मी व्हॅल्प्रोएट टाळतो आणि टोपिरामेट देण्याआधी गर्भनिरोधनाचं स्पष्ट विचारतो. सीजीआरपी अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून आली आहेत, परिणाम चांगला, खर्च मोठा.

आणि कुठल्याही दाराशी संबंध नसलेलं एक काम तुम्ही आजपासून करू शकता. तुम्ही लिहिलंय की सोमवार, चतुर्थी आणि एकादशी धरता. अर्धशिशीच्या मेंदूला उशिरा जेवण आणि कमी पाणी अजिबात मानवत नाही. उपास सोडा असं मी कोणाला सांगत नाही. पण निर्जळी नको, सकाळी फळ आणि ताक, दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात, आणि आदल्या रात्रीचं जागरण टाळा. माझ्या कित्येक पेशंटच्या पानावरची दोन टिंबं एवढ्यानंच गेली आहेत.

अचानक, क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, तापाबरोबर मान आखडणं, हातापायातली शक्ती जाणं, बोबडी वळणं, किंवा नेहमीपेक्षा वेगळंच दुखणं असेल तर गोळ्यांचा विचार करत घरी बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

बाकी, गोळी चालू ठेवा. कॅलेंडरवर दोन रंग वापरा, डोकं दुखलं त्या तारखेला निळं टिंब, अटॅकची गोळी घेतली तर लाल, आणि पाळी आली ती तारीख गोल करा. आठ आठवडे पुरे झाले की ती दोन्ही पानं डॉक्टरांपुढे ठेवा आणि डोस वाढवायचा की औषध बदलायचं हे त्यांच्यासमोर बसून ठरवा.